स्वस्त पेट्रोल पातळ असतं

आमच्या घरात दिवस उजाडतो तो पेट्रोलच्या भावानं. आमचे हे उठले की आधी चष्मा, मग फोन, मग स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर घोषणा. "आज तेवढाच." किंवा, "पैसे वाढले बरं का." ही दुसरी घोषणा ते अशा आवाजात करतात, की लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या हातातलं लाटणंच खाली पडलं होतं. मला वाटलं, कुणी गेलं. भाव उतरला तर त्याहून वाईट. मग चहा गार होईपर्यंत फोनकडे बघत बसायचं आणि म्हणायचं, "उगाच नाय उतरवला. आता बघ, एकदम कायतरी मोठं करणार." निवडणूक जवळ आली की भाव महिनोन्‌महिने हलत नाही, तेव्हा तर ह्यांना झोपच लागत नाही.

आम्ही शाळेची व्हॅन चालवतो. म्हणजे चालवतात हे, आणि मी मागे मुलांमध्ये बसते. शाळेच्या गाडीत बाईमाणूस लागतंच, आणि बाहेरची बाई ठेवायची तर तिला पगार द्यावा लागला असता. मुलं ह्यांना व्हॅनकाका म्हणतात आणि मला नुसतंच काकू. नाशिकच्या सिडकोतल्या कुठल्या गल्लीत कुणाचा डबा विसरतो, कुणाला पुढच्या सीटवर बसवलं नाही तर उलटी होते, कुणाची आई गच्चीवरून हात करेपर्यंत गाडी हलवायची नाही, हे सगळं मला पाठ आहे. रस्ता तर डोळे मिटून सांगेन.

आता अडचण अशी, की फी ठरते जूनमध्ये आणि पेट्रोल ठरतं रोज सकाळी. मधे वाढवून मागावी, तर चांगल्या घरचे आईबापसुद्धा असे चेहरे करतात, जसं काही आम्हीच तेल विहिरीतून शेंदून काढतो आणि दाबून ठेवतो. "काका, आत्ताच तर वाढवली होती ना?" हो, वाढवली होती. तिकडे पंपावरही आत्ताच वाढवली होती. गॅसचं किट बसवावं म्हणून मी किती वर्षं मागे लागले! हे म्हणाले, थांब, स्वस्त होईल. किट महागलं. मग गॅस महागला. मग गॅसच्या पंपावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगा लागायला लागल्या, आणि त्या रांगेत उन्हात तळणाऱ्या आपल्या दोस्तांना हात करून पुढे जाताना ह्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. त्या आनंदासाठीच किट बसवलं नसावं असं मला कधीकधी वाटतं.

शाळेच्या गेटसमोर व्हॅनवाल्यांचा अड्डा असतो. मुलं आत गेली की सगळे तिथे जमतात, चहा होतो आणि विषय एकच, ॲव्हरेज. कुणाची गाडी लिटरला किती जाते. आपल्या मुलाचे मार्क सांगताना हे लोक थोडं मागेपुढे करतील, पण ॲव्हरेज सांगताना छाती पुढे. ह्याच अड्ड्यावर गुजरातचा शोध लागला. पेठच्या पुढे सीमा ओलांडली की पहिल्याच पंपावर पेट्रोल आपल्यापेक्षा चांगलं स्वस्त मिळतं. मग काय, सुट्टीचा दिवस आला की कुणीतरी निघालंच! जायला-यायला किती जळतं हे विचारायचं नाही. मी एकदा विचारलं, तर हे म्हणाले, "पेट्रोलसाठी कुठं चाललोय? पेठला नागली घ्यायची हाय." नागली, म्हणजे नाचणी, आमच्या घरात मी सोडून कुणी खात नाही. डबे भरलेत.

आणि ह्या गुजरातच्या फेऱ्यांमधून अड्ड्यानं एक सिद्धांत काढला होता. तिकडचं पेट्रोल स्वस्त असतं, पण पातळ असतं. पुरावा काय? तर नाशिकचं थोडंसं पेट्रोल टाकून निघालं, तरी गाडी सीमेपर्यंत आरामात पोचते. आणि तिकडे टाकी भरून निघालं, तर नाशिक येईपर्यंत काटा चांगलाच खाली. म्हणजे उडून जातं. पातळच ते. एक जण तर बोटावर घेऊन, फुंकर मारून सगळ्यांना दाखवायचा, कसं लगेच वाळतं म्हणून. इतकी वर्षं, इतके अनुभवी ड्रायव्हर, आणि सगळ्यांचं ह्यावर एकमत! तरीही जायचं बंद झालं नाही. पातळ तर पातळ, पण स्वस्त आहे ना.

तर असं आमचं बरं चाललं होतं, आणि ह्यांचा डावा गुडघा गेला.

डावा, म्हणजे क्लचचा. शहरातल्या गर्दीत दिवसभर क्लच दाबून दाबून तो असा सुजला, की संध्याकाळी हे दोन्ही हातांनी पाय उचलून गाडीच्या बाहेर काढायचे. डॉक्टरांनी फोटो बघितला आणि सांगितलं, ऑपरेशन करा, आणि पुढे बरेच महिने क्लच विसरा. शाळा उन्हाळ्यानंतर उघडणार होती. बदली ड्रायव्हर ठेवायचा तर हातात काही उरत नव्हतं.

मी म्हटलं, "मी चालवते की."

मी काही हवेत बोलले नव्हते. लायसन्स माझ्याकडे होतं. मुलगी कॉलेजला गेली तेव्हा मी हट्टानं काढलं होतं, पुढे बॅजही काढला होता, म्हणजे माणसं वाहायची परवानगी. सुट्टीच्या दिवशी व्हॅन धुवायला नेताना मीच चालवायचे, भाजी आणायलाही न्यायचे. ह्यांना ते माहीत होतं. ह्यांनीच मला शिकवलं होतं, आणि शिकवताना आवाज एकदाही चढवला नव्हता, हेही सांगायला हवं.

पण आता हे म्हणाले, "तुला नाय परवडणार."

"काय नाही परवडणार?"

"पेट्रोल. तुझा पाय जड हाय. ॲक्सिलेटर असा दाबती तू, जशी शिलाई मशीनच चालवती. तुझ्या हातात गाडी दिली, तर सगळी फी पंपवाल्याच्या घरात."

मला इतका राग आला म्हणून सांगू! बाईमाणसाला जमणार नाही, असं सरळ म्हणाले असते तर मी भांडून मोकळी झाले असते. पण तसं म्हणण्याइतके हे जुने नाहीत. म्हणून पेट्रोल पुढे केलं. आणि मी धुमसतेय तेवढ्यात कळलं, की ह्यांनी पिंपळगाव बसवंतच्या एका माणसाला गाडी दाखवायचं कबूलसुद्धा केलंय. द्राक्षाच्या पॅकहाऊसवर बाया ने-आण करायला त्याला व्हॅन हवी होती. सोमवारी येऊन तो बघणार, पसंत पडली तर घेऊन जाणार. माझी गाडी! कागदावर नाव कुणाचं का असेना, जिच्या मागच्या सीटवर मी एवढी वर्षं पोरांच्या वेण्या घातल्या, त्यांची नाकं पुसली, ती गाडी मला न विचारता पिंपळगावला निघाली होती. आणि गाडीबरोबर माझं कामही.

शनिवारी रात्रीच्या जेवणाला मी ताट वाढलं आणि म्हटलं, "टाकीला टाकी करू."

हे घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले. टाकीला टाकी म्हणजे ॲव्हरेज काढायची अड्ड्यावरची पद्धत. टाकी काठोकाठ भरायची, गाडी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची. दुसऱ्यांदा जेवढं मावलं तेवढं जळलं. ह्या हिशोबापुढे अड्ड्यावर कुणी हुज्जत घालत नाही. मी म्हटलं, "एक खेप तुम्ही, एक खेप मी. माझं ॲव्हरेज तुमच्या जवळपास आलं तर गाडी विकायची नाही. नाही आलं, तर पिंपळगाववाल्याला मी स्वतः चहा करून देईन."

ह्यांना असं आव्हान दिलं की हे नाही म्हणूच शकत नाहीत. लगेच फोन काढला, रस्ता ठरवला. कुठला? अर्थातच गुजरातचा! जाताना हे चालवणार, येताना मी. शहरात सिग्नल असतात, तिथे खरं ॲव्हरेज कळत नाही, असं वर शास्त्र सांगितलं. मला पटलं. दोघांनाही अंतर सारखंच होतं ना.

रविवारी सकाळी आम्ही पेठ रोडच्या पंपावर उभे. पहिला विनोद तिथेच झाला. टाकी इथे काठोकाठ भरायची, म्हणजे महागडं पेट्रोल भरून स्वस्त पेट्रोलाच्या गावाला निघायचं. मी ते बोलून दाखवलं. ह्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. पंपावरच्या मुलीनं नोझल टक्‌ करून बंद झाल्यावर बाहेर काढलं, तर हे म्हणाले, "अजून थोडं मावतंय, हळूहळू सोड." दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवली, आतली हवा निघावी म्हणून, आणि पुन्हा भरायला लावलं. मागचा बुलेटवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. मला हसू आवरेना. मे महिना, सकाळची वेळ, गाडीत आम्ही दोघंच, मागे एकही पोर नाही. किती वर्षांनी आम्ही असे दोघंच कुठे निघालो होतो! मी पुढच्या सीटवर बसले तेव्हा मला पहिल्यांदाच लक्षात आलं, की ह्या गाडीच्या पुढच्या काचेतून जग केवढं मोठं दिसतं.

आरटीओ मागे पडलं, मार्केट यार्ड मागे पडलं, आणि हे एकदम वेगळेच झाले. पाठ ताठ, नजर रस्त्यावर, आणि उजवा पाय ॲक्सिलेटरवर असा हलका, जसा देवळात पायरीवर ठेवतात. काचा वर. एवढ्या उन्हात काचा बंद, कारण हवा आत आली की गाडी ओढते म्हणे! मी घामानं निथळतेय, तर हे म्हणतात, "थोडी कळ काढ." पुढे जरा उतार लागला की न्यूट्रल. गाडी आपली आपण घरंगळायची, आणि हे माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. बघ. फुकट.

सावळ घाटात करवंदांचे द्रोण घेऊन बायका बसल्या होत्या. मी म्हटलं, थांबा ना. हे म्हणाले, "थांबलं की परत पिकअप घ्यायला पेट्रोल लागतं. येताना तू थांब, तुझ्या हिशोबात." बघा, काय माणूस! मी पोट धरून हसले. चिडावं की हसावं हेच कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

कोटंबी घाटात मात्र मजा संपली.

लांबलचक उतार लागला. ह्यांनी न्यूट्रल केलं, आणि मग किल्ली फिरवून इंजिनच बंद करून टाकलं. एकदम शांतता. नुसता टायरांचा आवाज. "अहो, चालू करा!" मी ओरडले. "गप्प बस, एवढ्यात वळण संपतंय," हे म्हणाले. पण इंजिन बंद असलं की ब्रेक दोन-तीनदा लागतो आणि मग दगडासारखा कडक होतो, हे मला ह्यांनीच शिकवलं होतं. वळणाच्या पुढे आंब्याच्या पेट्या भरलेला एक टेम्पो अगदी सावकाश चालला होता. ह्यांनी ब्रेक दाबला. लागला. पुन्हा दाबला. अर्धा लागला. तिसऱ्यांदा दाबला आणि गाडी तशीच. गियर टाकून इंजिन उठवायचं म्हणून ह्यांनी डावा पाय क्लचवर ठेवला आणि दाबला, आणि तोंडातून असा आवाज निघाला, जो मी कधी ऐकला नव्हता. गुडघ्यानं साथच दिली नाही. क्लच अर्ध्यावर, गियर करकरतोय, टेम्पोच्या मागच्या फळीवर लिहिलेलं अक्षर न्‌ अक्षर मला वाचता येतंय.

मी दोघांच्या मधला हँडब्रेक धरला आणि खेचला. एकदम नाही, पोरं मागे असताना खेचावा तसा, टप्प्याटप्प्यानं. गाडी थरथरली, मागून रबराचा वास आला, आणि आम्ही डोंगराच्या बाजूला, मातीत जाऊन थांबलो. टेम्पो पुढे निघून गेला. त्याला काही पत्ताच नव्हता.

हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. माझ्या आत काहीतरी उसळत होतं, भीती की आनंद, काय म्हणावं ते कळेना. मी थांबवली होती गाडी. मी! थोड्या वेळानं हे म्हणाले, "हँडब्रेक चांगला लागतोय." मी म्हटलं, "हो, आपणच टाईट करून घेतलाय." एवढंच बोलणं झालं. मग ह्यांनी इंजिन चालू केलं, काचा खाली केल्या आणि उरलेला घाट गियरमध्ये उतरवला. पेठ मागे पडलं तरी नागलीचा विषय निघाला नाही.

सीमेपलीकडच्या पंपावर गाडी लागली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. तिथला माणूस आम्हा नाशिककरांना ओळखून होता. "आवो आवो, नासिकवाले, फुल?" म्हणून हसला. नोझल टक्‌ झालं, ह्यांनी गाडी हलवली, पुन्हा भरलं. आणि आकडा बघून मला धस्सच झालं. इतकं कमी मावलं होतं! ह्यांनी फोनवर भागाकार केला आणि फोन माझ्यापुढे धरला. लिटरला वीसच्याही वर. आमची म्हातारी व्हॅन, जिला शहरात तेरा-चौदाच्या पुढे कुणी पाहिली नव्हती! ह्यांचा चेहरा उजळला. घाटातलं सगळं विसरून हे पंपवाल्याला सांगायला लागले, "नाशिकचं पेट्रोल हाय ना, घट्ट असतं." तो बिचारा काय समजला कुणास ठाऊक, मान हलवत राहिला.

मी स्टिअरिंगवर बसले. सीट पुढे घेतली, आरसा फिरवला, ओढणी कमरेला गाठ मारून बांधली. आता माझी खेप.

आणि काय सांगू तुम्हाला, काय चालवली मी गाडी! रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना सागाची झाडं, मोठ्या ट्रकवाल्यांनी बाजू दिली की मी हात करत होते आणि तेही हात करत होते. एका वळणावर डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायका थांबून बघायला लागल्या, बाई चालवतेय म्हणून. मी त्यांच्यासाठी हळू केली आणि त्या हसल्या. पाय अगदी अलगद ठेवला होता. ह्यांनी शिकवलेलं सगळं करत होते, फक्त न्यूट्रल नाही आणि किल्लीला हात नाही. तो उतार फुकट असला तरी मला नको होता.

बाजूला हे बसले होते आणि त्यांचा डावा पाय स्वस्थ नव्हता. मी गियर बदलायला गेले की ह्यांचा पाय खालच्या रिकाम्या पत्र्यावर दाबला जायचा. तिथे क्लच नव्हता, काहीच नव्हतं. तरी दाबायचे आणि दुखून "स्स" करायचे. मी म्हटलं, "अहो, राहू द्या, मी दाबतेय ना." "कुठं काय करतोय," म्हणाले, आणि पुढच्या गियरला पुन्हा "स्स".

पेठ यायच्या आधीच गाडी जड वाटायला लागली. तिसऱ्यावर ओढेना, दुसरा टाकावा लागला. इंजिन गुरगुरतंय, मी ॲक्सिलेटर दाबतेय, काटा डोळ्यांदेखत खाली सरकतोय. हे समाधानानं म्हणाले, "बघ. पातळ. उडतंय." मी काट्याकडे बघितलं, समोर रस्त्याकडे बघितलं, आणि मग खिडकीतून मागे बघितलं. मागे, खूप खाली, आम्ही आलो तो रस्ता दिसत होता. दूरवर सगळा गुजरात सपाट पसरला होता. आणि पुढे रस्ता नुसता वर, वर आणि वर.

मी गाडी बाजूला घेऊन उभीच केली.

"अहो," मी म्हटलं, "नाशिक वर आहे."

"म्हणजे?"

"नाशिक डोंगरावर आहे. गुजरात खाली आहे. तुम्ही सगळे जाताना उतरता आणि येताना चढता. पेट्रोल कसलं पातळ! तुम्ही मला चढ दिलात आणि स्वतः उतार घेतलात!"

ह्यांनी खिडकीतून मागे बघितलं. मग पुढे बघितलं. मग टोपी काढली आणि डोकं खाजवलं. त्या चेहऱ्यावरून मी पैजेवर सांगते, ह्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. जन्मभर गाडी चालवलेला माणूस, ह्याच रस्त्यानं कितीदा गेला-आला, घाट उतरला आणि चढला, पण पंप आणि भाव सोडून डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच नव्हती. मला आधी राग आला आणि मग हसू फुटलं. इतकं, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बोटावर पेट्रोल घेऊन फुंकणारा तो ह्यांचा दोस्त माझ्या डोळ्यांसमोर आला. "आता त्यांना जाऊन काय सांगाल?" मी विचारलं. हे म्हणाले, "कोणाला काय सांगू नको." आणि मग हेही हसायला लागले. हसता हसता गुडघा धरून बसले.

मी म्हटलं, "मग पैज रद्द."

हसणं थांबलं. "रद्द कशी? टाकीला टाकी ठरलं होतं. जे येईल ते येईल. तो माणूस उद्या येणार हाय."

म्हणजे घरात भांडण करून नव्हे, कुणी चूक केली म्हणून नव्हे, तर त्या डोंगरापायी माझी गाडी जाणार होती. मला रडू आलं, पण चढावर रडत गाडी चालवता येत नाही. मी फर्स्ट टाकला. कोटंबी घाटाच्या मध्यावर पुढे एक ट्रक चढता चढता थांबला, मागे गाड्यांची रांग लागली, आणि मला भर चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलावी लागली. हँडब्रेक, हाफ क्लच, गाडी बोटभरही मागे न जाता. थांबा, उचला, थांबा, उचला. तिथे पेट्रोल नुसतं पाण्यासारखं जात होतं, पण मी काट्याकडे बघणं सोडून दिलं होतं. सगळं लक्ष गाडीत होतं. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, की शेजारी "स्स" ऐकू येत नाही. ह्यांचा पाय पत्र्यावर नुसता पडलेला होता. हे खिडकीवर कोपर टेकवून दरीतली झाडं बघत होते. ह्या रस्त्यानं इतक्यांदा गेलेल्या माणसानं ती झाडं बहुतेक पहिल्यांदाच बघितली असावीत.

सावळ घाटात मी करवंदांसाठी थांबले. ह्यांनी पेट्रोलबद्दल चकार शब्द काढला नाही. निम्मी करवंदं ह्यांनीच खाल्ली.

पेठ रोडच्या त्याच पंपावर गाडी लागली तेव्हा उन्हं कलली होती. मी खाली उतरले नाही. पंपावरची मुलगी तीच होती. टक्‌. ह्या वेळी गाडी कुणी हलवली नाही. आकडा मी बघितला नाही, ह्यांनीच भागाकार केला आणि फोन माझ्यापुढे न धरता नुसतं सांगितलं. "बाराच्या खाली." मी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं, कुणी काढून घ्यायला आल्यासारखं.

तेवढ्यात तोच फोन वाजला. पिंपळगाववाला. ह्यांनी कानाला लावला. त्याचा खणखणीत आवाज मलाही ऐकू येत होता. उद्या सकाळी किती वाजता येऊ, म्हणून विचारत होता.

"गाडीचं काय हाय ना, भाऊ," हे म्हणाले, "आत्ताच टाकीला टाकी केली. ॲव्हरेज लय खराब हाय."

तिकडून तो काहीतरी बोलला.

"नाय नाय, बाराच्या खाली. खोटं कशाला सांगू? पेट्रोलचा भाव हा असा, तुम्हाला रोज बाया ने-आण करायच्या. तुमचं नुकसान होईल. तुम्ही दुसरी बघा, भाऊ. ही तुम्हाला नाय परवडणार."

फोन खिशात टाकला. माझ्याकडे बघितलंच नाही. मी बघतच राहिले. हे समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "काय? खरं तेच सांगितलं."

"काकू, पुढे घ्या गाडी," पंपावरची मुलगी म्हणाली, "मागे रांग लागलीये."

"घे ना पुढं," हे म्हणाले.

मी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात उठली. आनंदानं मला काय करू नि काय नको असं झालं होतं, आणि स्टिअरिंग सोडून दुसरं काही हाताशी नव्हतं. समोर एकही माणूस नसताना मी चांगला लांबलचक हॉर्न वाजवला.